सुताराची महागडी करवत: पैसे कोणाचे, बोटं कोणाची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की हार्डवेअरचं दुकान? पण थांबा. प्रश्न असा आहे: सुतारकाम करणाऱ्या माणसाने महागडी इलेक्ट्रिक करवत घ्यावी का? पैसे वसूल होतात का?

पुण्यात बोहरी आळीत जा, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. एकाच काउंटरवर दोन-तीन हजारांचं कटर मशीन आणि त्याच्या चौपट किमतीचं मशीन शेजारीशेजारी ठेवलेलं दिसेल. दोन्हीला मोटर आहे, दोन्हीला गोल ब्लेड आहे, दोन्ही प्लाय कापतात. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

यूट्यूबवर याची उत्तरं शेकड्याने मिळतील. वॅट किती, आरपीएम किती, वॉरंटी किती. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे स्पेसिफिकेशनचे तक्ते वाचायला मलाही आवडतात. पण या यंत्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की सुतारांनी वरचे पैसे चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी मोजलेत: वेळ, नाव, सफाई आणि बोटं. आणि चारही वेळा खरा प्रश्न एकच होता. पैसे कोण देतोय आणि फायदा कोणाला मिळतोय?

पहिली गोष्ट: वेळ

गोल ब्लेडची करवत तशी जुनी आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर नावाच्या माणसाच्या १७७७ सालच्या पेटंटमध्ये तिचा उल्लेख सापडतो. पण त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं ती राहिली मिलमध्ये. आधी पाण्यावर किंवा वाऱ्यावर चालायची, मग वाफेवर, मग विजेवर. लाकूड तिच्याकडे न्यायचं, ती लाकडाकडे येणार नाही.

घराच्या साइटवर सुतार काय वापरत होता? हातकरवत. आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून, करवत स्वतःकडे ओढत कापायचा. अमेरिकेतला सुतार घोडीवर लाकूड ठेवून करवत पुढे ढकलत कापायचा. पद्धत वेगळी, घाम सारखाच.

हे बदललं १९२० च्या दशकात. न्यू ऑर्लिन्समधल्या एडमंड मिशेलने हातात धरून चालवायची इलेक्ट्रिक करवत बनवली. त्याला ती कल्पना कशी सुचली याची गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल: म्हणे त्याने ऊस तोडणारे मजूर पाहिले. दिवसभर कोयता मारून थकलेले. त्याने कोयत्यालाच मोटर लावून बघितली, आणि त्या खटपटीतून पुढे गोल ब्लेडचं मशीन आलं. १९२४ मध्ये त्याने जोसेफ सलिव्हन या भागीदाराबरोबर कंपनी काढली. तीच पुढे स्किलसॉ म्हणून ओळखली गेली. १९३७ मध्ये त्यांचं ‘मॉडेल ७७’ आलं आणि ते इतकं टिकलं की अमेरिकेत आजही बरेच सुतार कुठल्याही कंपनीच्या हातातल्या कटरला सरसकट ‘स्किलसॉ’च म्हणतात. आपण कुठल्याही लॅमिनेटला सनमायका म्हणतो ना, तसंच.

हे ७७ स्वस्त मशीन नव्हतं, आणि हलकंही नव्हतं. मोटर ब्लेडला समांतर, मध्ये तेलात बुडालेले गिअर. त्यामुळे ब्लेड थोडं हळू फिरतं, पण जोर जास्त. ओलसर, जाड लाकडातही अडकत नाही. मग हे महाग मशीन घेतलं कोणी?

इथे दुसऱ्या महायुद्धानंतरचा कॅलिफोर्निया बघायला हवा. सैनिक घरी परतले होते, लग्नं होत होती, लॉस एंजेलिसच्या आसपास मैलोन्‌मैल घरं उभी राहत होती. तिथे लाकडी सांगाडा उभारणारे बरेच सुतार रोजावर नव्हते, नगावर होते. एक भिंत उभी केली की इतके पैसे, एक छत बसवलं की इतके. लॅरी हॉन हा त्याच पिढीतला सुतार. १९५० च्या दशकापासून त्याने सॅन फर्नांडो व्हॅलीत घरं बांधली आणि पुढे त्यावर पुस्तकं लिहिली. नगावर काम करणाऱ्या या लोकांनी जुनी पद्धत मोडीत काढली. एकेक फळी मोजून, घोडीवर ठेवून कापण्याऐवजी फळ्यांची चळत लावायची, एकाच वेळी खूण करायची आणि सलग कापत जायचं. यासाठी दिवसभर न थकणारं मशीन लागतं.

आता हिशोब बघा. नगावर काम करणाऱ्या सुताराचा एक तास वाचला, तर तो तास त्याचा. त्या तासात तो अजून एक भिंत उभी करणार आणि तिचे पैसे त्याच्याच खिशात जाणार. म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने महाग मशीन घेतलं आणि ते वसूलही झालं. हाच सुतार रोजावर असता तर वाचलेला तास कोणाचा झाला असता? ठेकेदाराचा. मग सुताराने स्वतःच्या खिशातून का खर्च करावा?

आपल्याकडेही हेच दोन प्रकार आहेत. कोणी रोजावर जातो, कोणी स्क्वेअर फुटावर काम घेतो. समजा साधं मशीन ४,००० चं आणि चांगलं १२,००० चं आहे. फरक ८,००० रुपये. वर्षाला २५० दिवस काम धरलं आणि मशीन तीन वर्षं चाललं, तर हा फरक दिवसाला ११ रुपयांच्या आत येतो. चांगल्या मशीनमुळे दिवसाला दहा मिनिटं जरी वाचली, तरी स्क्वेअर फुटावर काम करणाऱ्याला ते परवडतं. रोजावर जाणाऱ्याला परवडेलच असं नाही, आणि तो स्वस्तातलं मशीन घेतो तेव्हा तो अडाणी नसतो. त्याचा हिशोब बरोबर असतो.

दुसरी गोष्ट: नाव

आता थेट १९९१ मध्ये येऊ. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर ही कंपनी. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा ट्रिगर असलेलं इलेक्ट्रिक ड्रिल बाजारात आणणारे हेच. १९१० साली स्थापन झालेली, घराघरात माहीत असलेली. पण प्रत्यक्ष साइटवर काम करणाऱ्या मिस्त्री लोकांमध्ये तिचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच. तिथे राज्य होतं जपानच्या मकिताचं, जवळपास निम्मा बाजार त्यांच्याकडे.

कंपनीने तपासून घेतलं. मशीन वाईट होतं का? नव्हतं. चाचण्यांमध्ये ते मकिताच्या तोडीस तोड होतं. मग अडचण काय होती? हीच कंपनी स्वयंपाकघरातली उपकरणं आणि घरातले छोटे व्हॅक्यूम क्लीनरही विकायची, त्याच नावाने. मिस्त्री म्हणायचे, ज्या कंपनीचं पॉपकॉर्नचं भांडं माझ्या घरी आहे, तिचं कटर घेऊन साइटवर गेलो तर बाकीचे हसतील.

मग कंपनीने काय केलं? त्यांच्याकडे डिवॉल्ट हे जुनं नाव पडून होतं. रेमंड डिवॉल्टने १९२० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात आडव्या दांड्यावर सरकणारी करवत बनवून ही कंपनी काढली होती, आणि ब्लॅक अँड डेकरने ती १९६० मध्ये विकत घेतली होती. १९९२ मध्ये त्यांनी व्यावसायिकांसाठीची मशीनं पिवळ्या रंगात, डिवॉल्ट नावाने आणली. ब्लॅक अँड डेकर हे नाव त्यावरून गायब. काही वर्षांत डिवॉल्टने मकिताला मागे टाकलं. मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना हा किस्सा आजही शिकवतात.

यावरून ‘ब्रँड म्हणजे नुसता रंग’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. अर्धा खरा आहे. पण रंगाबरोबर त्यांनी अजून एक गोष्ट दिली, ती म्हणजे सेवा. मशीन दुरुस्तीला टाकलं तर तोवर वापरायला दुसरं मिळेल, अशी सोय केली. ज्याचं पोट मशीनवर आहे त्याच्यासाठी बंद पडलेलं मशीन म्हणजे बुडालेला दिवस. त्यामुळे नावासाठी जास्त पैसे देणं पूर्ण वेडेपणा नव्हता, जर त्या नावामागे दुरुस्तीचं दुकान असेल तर.

आणि इथेच आपल्याकडे गणित उलटं पडतं. आपल्या बाजारात नामांकित मॉडेलची हुबेहूब नक्कल करणारी मशीनं भरपूर आहेत. त्यांचे कार्बन ब्रश, आर्मेचर, स्विच तालुक्याच्या गावातही मिळतात आणि कोपऱ्यावरचा मोटर वाइंडिंगवाला ती अर्ध्या दिवसात चालू करून देतो. उलट परदेशी महागड्या मशीनचा एखादा सुटा भाग मागवायला आठवडा जाऊ शकतो. म्हणजे अमेरिकेत सेवा हवी म्हणून महाग घेतात, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सेवा हवी म्हणून स्वस्त घेतात. दोघंही आपापल्या जागी शहाणे. म्हणून मशीन घ्यायच्या आधी दुकानदाराला ‘वॉरंटी किती’ यापेक्षा ‘याचं आर्मेचर आज तुमच्याकडे आहे का’ हे विचारा.

तिसरी गोष्ट: सफाई

ही गोष्ट जर्मनीतली. १९२५ मध्ये तिथे फेस्टो ही कंपनी सुरू झाली. आज तिची लाकूडकामाची मशीनं फेस्टूल नावाने विकली जातात आणि जगात सगळ्यात महागड्यांमध्ये गणली जातात. १९६० च्या दशकात त्यांनी एक साधी वाटणारी गोष्ट आणली: अॅल्युमिनियमची लांब पट्टी. ती प्लायवर ठेवायची आणि तिच्यावरून करवत रुळावरून गाडी जावी तशी सरकवायची. पट्टीच्या कडेला रबरासारखी किनार असते, ती कापाच्या रेषेवर प्लाय दाबून धरते, म्हणून वरचा थर फुटत नाही.

आठ बाय चारची १८ मिलीमीटरची प्लायची शीट एकट्याने उचलून टेबलावर ढकलणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. इथे शीट जमिनीवर पडलेली राहते आणि करवत तिच्यावरून जाते. शिवाय धूळ थेट पाइपमधून व्हॅक्यूममध्ये. माणूस राहत असलेल्या घरात काम करायचं असेल तर याला फार किंमत आहे.

पण कापाची सफाई कशामुळे येते हे सुटं करून पाहिलं तर मजा आहे. पट्टी सरळ असणं हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे ब्लेड. ब्लेडच्या दातांना टंग्स्टन कार्बाइडची टोकं असतात. २४ दातांचं ब्लेड भरभर कापतं, पण सनमायकाची कड फोडतं. त्याच मापाचं ६० दातांचं ब्लेड हळू कापतं, पण कड गुळगुळीत येते. म्हणजे दहा-बारा हजारांच्या मशीनला बोथट ब्लेड लावलं तर काप घाणच येणार, आणि साध्या मशीनला चांगलं, धार असलेलं ब्लेड आणि सरळ अॅल्युमिनियमची पट्टी लावली तर काप आश्चर्य वाटावं इतका चांगला येतो. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने ते आधी ब्लेडवर घालावेत, मग मशीनवर. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर, नेट स्लो असेल तर फोन बदलून उपयोग नाही.

सफाईचे पैसे कोण देतं? ग्राहक. ज्या ग्राहकाला कडा बघायची सवय आहे आणि त्यासाठी दर वाढवून द्यायची तयारी आहे, तो असेल तरच हे मशीन वसूल होतं. नाहीतर सफाई सुताराची आणि कौतुक इंटिरिअर डिझायनरचं.

चौथी गोष्ट: बोटं

इथपर्यंतचं सगळं पैशाचं होतं. आता या भागाचं खरं कारण.

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या मधोमध खालून वर आलेलं गोल ब्लेड, आणि लाकूड हाताने त्याच्याकडे ढकलायचं. अमेरिकेत साधारण दहा इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेतं. हिशोब करा: दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास येतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००७-०८ च्या आकडेवारीवरून अंदाज काढला की टेबल सॉच्या ब्लेडला लागून वर्षाला सुमारे ३३,००० लोक तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येतात. त्यातल्या जवळपास ४,००० जणांची बोटं तुटलेली असतात. म्हणजे रोज दहापेक्षा जास्त.

१९९९ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या स्टीव्ह गॅसला एक कल्पना सुचली. हा माणूस पेशाने पेटंटचा वकील, शिक्षणाने भौतिकशास्त्रात पीएचडी, आणि छंद सुतारकामाचा. त्याने विचार केला, ब्लेडला बोट लागलं हे ब्लेडलाच कळलं तर?

तुम्ही आत्ता हे ज्या फोनवर वाचताय त्याचा स्क्रीन हेच करतो. बोट लावलं की चालतो, लाकडी पेन्सिल लावली तर नाही, कारण शरीर विजेचा बारीकसा संकेत स्वतःकडे ओढून घेतं आणि कोरडं लाकूड घेत नाही. गॅसने ब्लेडवर असाच एक बारीक संकेत सोडला. बोट लागताच तो संकेत पडतो, चिपला ते कळतं, एक पातळ तार जळते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि अॅल्युमिनियमचा एक ठोकळा सरळ ब्लेडच्या दातांत घुसतो. ब्लेड त्यात रुततं, थांबतं आणि त्याच झटक्याने टेबलाखाली जातं. एकूण वेळ ५ मिलीसेकंदांच्या आसपास. तुमच्या फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र साधारण १६ मिलीसेकंद टिकतं. त्या एका चित्राच्या एक तृतीयांश वेळेत ब्लेड थांबलेलं असतं. हात नेहमीच्या वेगाने ढकलताना लागला तर बोटाला फक्त ओरखडा.

गॅस ते सॉसेज लावून दाखवायचा, आणि एकदा त्याने स्वतःचं बोट लावून पाहिलं. बोट राहिलं.

२००० मध्ये त्याने अटलांटाच्या लाकूडकाम प्रदर्शनात हे दाखवलं. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. त्याला वाटलं मोठ्या कंपन्या रांग लावतील. बोलणी झाली, पण करार कुठेच पूर्ण झाला नाही. कंपन्यांची कारणं अशी होती: मशीनची किंमत वाढेल, ओल्या लाकडामुळे उगाच ब्रेक लागेल, प्रत्येक वेळी ब्रेकचा ठोकळा आणि ब्लेड दोन्ही फेकावं लागेल, आणि एका माणसाला प्रत्येक मशीनमागे रॉयल्टी द्यावी लागेल. ही कारणं खोटी नव्हती. पावसात भिजलेल्या बोटांनी फोन कसा वेड्यासारखा चालतो ते आपल्याला माहीत आहे, ओलं लाकूडही या यंत्राला तसंच फसवतं. ब्रेक एकदा लागला की नवा ठोकळा आणि ब्लेड मिळून शंभर डॉलरच्या वर खर्च येतो.

शेवटी गॅस आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःच सॉस्टॉप नावाने मशीन बनवायला घेतलं. २००४ च्या अखेरीस पहिलं विकलं गेलं. महाग होतं, आजही आहे. त्यांचं सगळ्यात छोटं मॉडेलसुद्धा २०२२ मध्ये ९०० डॉलरच्या आसपास आलं, म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या आसपास. साइटवर न्यायचं साधं टेबल सॉ अमेरिकेत दोनशे डॉलरच्या आतही मिळायचं.

आता २००५ सालची मॅसॅच्युसेट्समधली एक घटना. लाकडी फरशी बसवणारा एक कामगार, कोलंबियातून आलेला. मशीन त्याच्या मालकाने आणलेलं, रिओबीचं, याच स्वस्त गटातलं. काम करताना हात ब्लेडवर गेला आणि बोटांना कायमची इजा झाली. त्याने कंपनीवर खटला भरला. म्हणणं असं की असा अपघात टाळणारं तंत्र उपलब्ध असताना तुम्ही ते वापरलं नाही. २०१० मध्ये ज्युरीने त्याला १५ लाख डॉलर भरपाई दिली, आणि २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या ज्युरीने काही दोष कामगाराचाही धरला होता, कारण तो गार्ड न लावता कापत होता.

या खटल्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: मशीन निवडलं मालकाने. दोनशे डॉलरचं घ्यायचं की हजारांचं, हा निर्णय ज्याने घेतला त्याची बोटं पणाला नव्हती. ज्याची होती त्याला कोणी विचारलंच नाही. ‘महाग मशीन परवडतं का’ या प्रश्नाचं उत्तर दोघांसाठी वेगवेगळं होतं.

आणि गॅसला सरळसरळ नायक करायची घाई नको. २००३ मध्येच त्याने सरकारकडे अर्ज केला होता की सगळ्या टेबल सॉंना असा ब्रेक सक्तीचा करा. पण पेटंटं त्याच्याचकडे होती. बॉशने स्वतःच्या पद्धतीचा ब्रेक असलेलं मशीन अमेरिकेत आणलं, ज्यात ब्लेड खराब होत नव्हतं. तेव्हा सॉस्टॉपने पेटंटच्या जोरावर २०१७ मध्ये त्याची आयात बंद पाडली. त्याच वर्षी फेस्टूलच्या मूळ कंपनीने सॉस्टॉप विकत घेतली. बोटं वाचवणारं तंत्र स्वस्त व्हायला स्पर्धा हवी होती, ती झाली नाही. आयोगाने सक्तीच्या नियमाचा मसुदा मांडला तो २०१७ मध्ये. अर्जापासून मसुद्यापर्यंत १४ वर्षं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की हा नियम लागू झाला तर एक महत्त्वाचं पेटंट आम्ही सगळ्यांसाठी खुलं करू.

आपल्याकडे बोटाची किंमत

आता पुन्हा इकडे येऊ. आपल्या साइटवर टेबल सॉ कसं असतं? बऱ्याचदा प्लायच्या तुकड्यांचं घरी बनवलेलं टेबल, त्याच्याखाली उलटं बसवलेलं कटर, आणि तेही पुष्कळदा मूळ फरशी-मार्बल कापायचं, त्याला लाकडाचं ब्लेड लावलेलं. गार्ड काढून टाकलेला असतो, कारण उलटं बसवल्यावर तो आड येतो. बटण कायम दाबून ठेवलेलं, चालू-बंद भिंतीवरच्या स्विचने. पन्नास हजारांचं काम तीन हजारांत करणारी ही जोडणी आहे आणि तिच्या मागची कल्पकता मला मान्य आहे. पण काही बिघडलं तर स्विचपर्यंत हात पोचायला जो वेळ लागतो, त्यात ब्लेडचे शेकडो फेरे झालेले असतात.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांना मी विचारलं, “काका, गार्ड का नाही लावत?” ते म्हणाले, “बाळा, गार्ड लावला तर बारीक पट्टी निघत नाही. आणि पट्टी नाही निघाली तर दिवस नाही निघत.” त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर नाही. त्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बोटाला कायद्याने किंमत ठरवलेली आहे, हे तुम्हाला माहीत होतं? आपल्याकडे १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याला जोडलेल्या यादीत कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं मानायचं ते लिहिलं होतं. अंगठा: ३० टक्के. तर्जनी पूर्ण: १४. मधलं बोट: १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं: ७.

त्याचे रुपये काढू. २०२० मध्ये हिशोबासाठी महिन्याचं वेतन जास्तीत जास्त १५,००० धरायचं ठरलं. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षांच्या माणसासाठी त्याला २०७.९८ ने गुणायचं. येतात १८,७१,८२० रुपये. त्याचे १४ टक्के म्हणजे २ लाख ६२ हजारांच्या आसपास. ही तिशीतल्या सुताराच्या तर्जनीची कायदेशीर किंमत. अंगठ्याचे साधारण ५ लाख ६१ हजार.

पण हे कोणाला मिळतं? ज्याचा मालक आहे आणि मालक असल्याचं जो सिद्ध करू शकतो त्याला. स्वतःचं मशीन घेऊन स्क्वेअर फुटावर काम घेणारा मिस्त्री स्वतःच स्वतःचा मालक आहे. नगावर काम करण्याचा जो फायदा पहिल्या गोष्टीत दिसला, त्याची ही दुसरी बाजू. वेळ वाचला तर तो त्याचा, आणि बोट गेलं तर तेही फक्त त्याचंच.

मग घ्यावं की नाही?

माझं उत्तर असं. नावासाठी जास्त पैसे देऊ नका, जवळ दुरुस्ती होत असेल तरच द्या. वेळेसाठी द्या, जर वाचलेला वेळ तुमच्या खिशात पडत असेल. सफाईसाठी आधी ब्लेड आणि सरळ पट्टी घ्या, मशीन नंतर.

आणि सुरक्षेचा भाग ‘परवडतं का’ या प्रश्नातून बाहेर काढा. पाऊण लाखाचं मशीन आपल्या मिस्त्रीने घ्यावं असं मी म्हणणार नाही, ते त्याच्या हिशोबात बसत नाही. पण गार्ड जागेवर ठेवता येईल असं टेबल, पायाने दाबून बंद होणारा स्विच, छोटा तुकडा ढकलायला लाकडाची काठी, ब्लेडच्या मागे एक पातळ पट्टी, म्हणजे लाकूड मिटून ब्लेडला पकडत नाही आणि उलट अंगावर येत नाही. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या ब्लेडच्या आसपास येतो. आणि बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेलं असेल तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, सुतारसुद्धा त्यात येतात. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी काम चालू असेल तर मिस्त्रीला हे सांगा, फॉर्म भरायला मदत करा. फोन तुमच्या हातात आहेच.

शेवटची गोष्ट आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांसाठी. आपण कोटेशन मागवतो, तीन जणांचे दर बघतो आणि सगळ्यात कमी दराच्या माणसाला काम देतो. तो दर कमी कशामुळे आहे हे विचारत नाही. पुढच्या वेळी दर ठरवताना एवढं म्हणून बघा: “दादा, आमच्याकडे काम करताना गार्ड लावूनच कापा. त्याने वेळ जास्त लागत असेल तर तो दरात धरा.” मॅसॅच्युसेट्समधल्या त्या मालकाच्या जागी त्या क्षणी आपणच असतो.

आजच्यासाठी इतकंच. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी सुतारकाम करत असेल तर हा भाग त्यांना ऐकवा आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.